भाव खाली आणावा का

१५ नोव्हेंबर १९९९, सोमवार

कॉम्प्युटरचा फोन लागला एकदाचा. आधी शिट्टी, मग खरखर, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज, आणि पडद्यावर माणिकरावांचा मजकूर उमटला. माणिकराव नांदेडच्या कॉलेजात वाणिज्य शिकवतात, मी इथे आदिलाबादेत तेच शिकवतो. उन्हाळ्यात एका शिबिरात ओळख झाली आणि तिथेच हे खूळ आमच्या डोक्यात शिरलं. दोन्ही कॉलेजांच्या मुलांनी एकच केस वाचायची आणि ई-मेलवरून एकमेकांशी वाद घालायचा.

केस म्हणजे एखाद्या धंद्याची खरी वाटावी अशी गोष्ट. ती अडचणीपर्यंत येते आणि थांबते. शेवटी एकच प्रश्न: आता मालकाने काय करावं? पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेलं नसतं. ज्याने त्याने डोकं चालवायचं. गेली कित्येक वर्षं मी व्याख्या सांगतो आणि मुलं त्या उतरवून घेतात. मला त्याचा कंटाळा आलाय हे आज प्रथमच कळलं, कारण आज कंटाळा आला नाही.

एकच खोट आहे. फोनची तार प्रिन्सिपॉल साहेबांच्या खोलीतून आली आहे. त्यांनी तिकडे रिसीव्हर उचलला की इकडे आमचं बोलणं तुटतं. आज दोनदा तुटलं. तार दिली हेच पुष्कळ.

घरी येऊन आशाला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, केस म्हणजे कोर्टातली का डोक्यावरची?

१८ नोव्हेंबर, गुरुवार

मराठी येणारी मुलं निवडली. यात तेलुगू घरांतली दोन आहेत, पण त्यांचं मराठी आमच्या महिपतपेक्षा बरं आहे. महिपत हा पहिल्या बाकावरचा बोलका मुलगा. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं आणि ते बहुधा चुकतं.

मुलांनी मोकळं लिहावं म्हणून एक युक्ती काढली. कोणी खऱ्या नावाने लिहायचं नाही. भाज्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली आणि प्रत्येकाने एक उचलली. कोण भेंडी, कोण दोडका, हे मलाही माहीत नाही. महिपतने मात्र बाहेर जाताच ओरडून सांगितलं की तो मुळा आहे. नांदेडच्या मुलांना झाडांची नावं दिली आहेत.

शेवटच्या बाकावरची मनकर्णा चिठ्ठी उचलून हसली. शेजारच्या मावला गावची मुलगी. दोन वर्षांत तिने वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. तिच्या ओढणीला कोथिंबिरीची काडी चिकटली होती. स्वयंपाक उरकून येत असावी.

२२ नोव्हेंबर, सोमवार

नांदेडहून पहिली केस आली, एका किराणा दुकानाची. यंत्रावर मराठी अक्षरं नाहीत म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं. त्याची गंमत आज झाली. महिपतने मोठ्याने वाचलं, 'दुकानात जुना मळ पडून आहे.' वर्ग हसून लोळला. लिहिलं होतं एम-ए-एल. माल, माळ, मळ, काहीही वाचा. मी मुलांना सांगितलं की अर्थ पुढच्यामागच्या वाक्यांवरून लावायचा, शब्दावर भाळायचं नाही. थोडा अनुभव असला की माणूस असा फसत नाही.

तास संपल्यावर कोणी उठेना. घंटा झाल्यावर मुलं बसून राहिली, हे मी या नोकरीत प्रथमच पाहिलं.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

मावल्याचे नागोराव आले होते, मनकर्णाचे वडील. पांढरी टोपी, हाताला मातीचा वास, बोलणं अतिशय अदबीचं. मुलीचं नाव काढायचं म्हणाले, टीसी द्या. नेरडीगोंड्याचं स्थळ आलं आहे, मुलाकडच्यांना जास्त शिकलेली नको.

मी म्हटलं, वर्ष संपायला आता किती उरलं? परीक्षा होऊ द्या. ते म्हणाले, "साहेब, पोट्टी हुशार हाय मनूनच त भेव वाटते."

शेवटी मी नांदेडच्या उपक्रमाचं निमित्त केलं, मध्येच एक कमी झाली तर आपल्या जिल्ह्याची शोभा होईल म्हणालो. जिल्ह्याचं नाव काढल्यावर ते थोडे वितळले. संक्रांतीपर्यंत ठेवतो म्हणाले. त्यानंतर टीसी.

वाईट याचं वाटतं की मुलगी अलीकडेच सुधारली होती. पूर्वी पहिल्या तासाला हमखास उशिरा यायची, धापा टाकत. दिवाळीपासून रोज वेळेवर येते. चेहरा मात्र पडलेला असतो. लग्नाची धास्ती असेल.

२८ नोव्हेंबर, रविवार

आता आपली केस पाठवायची पाळी. दोन दिवस डोकं खाजवत होतो. कापसाची लिहावी तर त्यात सगळे मुरलेले, वाद होणार नाही.

आज आशा बाजारातून आली आणि पिशवी ओट्यावर आपटून म्हणाली की पिंपळाजवळच्या गाळ्यावर जाणं तिने सोडलं. इतकी वर्षं भाजी तिथूनच यायची. माल अजून ताजाच आहे, थेट मळ्यातला. पण पहिल्यासारखं राहिलं नाही. "पहिले ती पोट्टी बसे, तिले आपल्या घरी कोनाले काय आवडते ते पाठ. दोडका घेऊ का मनलं त मने, काकू, आज नका घेऊ, जून हाये. आता थ्यो..."

पुढचं मी नीट ऐकलं नाही. माझ्या डोक्यात केस सुरू झाली होती. एका जिल्ह्याच्या गावी भाजीचा एक गाळा. माल मालकाच्या स्वतःच्या मळ्यातला. जुनी गिऱ्हाइकं. दिवाळीनंतर ती एकेक करून शेजारच्या गाळ्यावर जाऊ लागतात. माल तोच, जागा तीच. असं का झालं असेल? आता मालकाने काय करावं?

एका बैठकीत लिहून काढली. आशाला वाचून दाखवली. ती म्हणाली, यात कोड्यासारखं काय आहे? मी हसलो. तिला त्यामागचं शास्त्र ठाऊक नाही.

४ डिसेंबर, शनिवार

उत्तरांचा पाऊस. नांदेडचा वड म्हणतो मालकाने पाटी रंगवावी. मुळा म्हणतो भाजीबरोबर एक लिंबू फुकट द्यावं. भेंडीला शेजारच्या गाळ्यावाल्याचा संशय आहे. सगळं ठीक, पण वरवरचं.

एक उत्तर मात्र असं आलं की मी खुर्चीतून उठलो. कारलं नावाच्या विद्यार्थ्याचं. इथेच उतरवून ठेवतो:

'माल तोच, जागा तीच. गिऱ्हाईक भावामुळे तुटलं. मालकाला हे दिसते. पण भावाला हात लावायची त्याची तयारी नाही.'

मी केसमध्ये किमतीचा शब्दही लिहिला नव्हता. या मुलाने थेट मुळावर बोट ठेवलं. आणि नुसतं कारण सांगून थांबला नाही, मालकाच्या मनात शिरला. इतर मुलं दुकान पाहतात, हा माणूस पाहतो.

उलट लिहिलं: 'फार छान. पण हा भाव इतका चढला कसा? आणि मालकाने भाव खाली आणला तर त्याचं काय नुकसान होईल? न घाबरता लिहा.'

८ डिसेंबर, बुधवार

कारल्याचं दुसरं उत्तर:

'भाव एकदम चढला नाही. लहानपणापासून चढवून ठेवला आहे. आता खाली आणला तर लोक मालकाला हसतील. भावकी बोलेल. म्हणून मालक गाळा बुडू देईल पण भाव खाली आणणार नाही.'

'लहानपणापासून' म्हणजे धंद्याच्या लहानपणापासून, सुरुवातीपासून, असं म्हणायचं असावं. भाषा जराशी अघळपघळ आहे, पण विचार बघा. किमतीमागे प्रतिष्ठा असते, चारचौघांत नाव असतं, हे मी एमकॉमला शिकलो आणि त्याच दिवशी विसरलो. कारल्याला ते बाजारात उभं राहून दिसलं असावं.

कोण असेल कारलं? महिपत नाही, तो मुळा. तेलुगू मुलांपैकी कोणी? असं घरगुती मराठी त्यांना जमणार नाही. शेवटच्या बाकांकडे तर असं डोकं नाही. विचारायचं नाही असं मीच ठरवलंय, म्हणून गप्प आहे, पण वर्गात प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत राहतो. मुलांना वाटतं मी रागावलोय.

मनकर्णा आज तास संपल्यावर यंत्रापाशी रेंगाळली. मी म्हटलं, तूही लिहीत जा, आणखी महिनाच आहेस. तिने मान हलवली.

१३ डिसेंबर, सोमवार

माणिकरावांचं पत्र. 'उद्धवराव, तुमच्या कारल्याने आमच्या वर्गात कमाल केली. दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं.' आणि खाली त्यांच्या चिंचेचं उत्तर जोडलेलं: 'कारल्या, आमच्या घरी पण असाच एक भाव आहे. त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही.'

डोळ्यांत पाणी येण्यासारखं किमतीत काय आहे कळलं नाही. चिंचेच्या वडिलांचंही दुकान असेल. नांदेडचे लोक मुळात हळवे. तरी एक गोष्ट नक्की: दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरची दोन मुलं, जन्मात भेटली नाहीत, तारेवरून एकमेकांची अडचण ओळखतात. मी शिकवत नसताना ती शिकत आहेत. आज जेवताना आशाला हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो. ती म्हणाली, भात थंड झाला.

१५ डिसेंबर, बुधवार

कारल्याचा छोटा संदेश. 'सर, मालकाला हे सांगावं कोणी? सांगणाऱ्याचंच नुकसान झालं तर?'

आता हा केसबाहेरचा प्रश्न झाला, पण मला तो फार आवडला. मी मनापासून उत्तर दिलं: 'ज्याला गाळा कळतो त्यानेच सांगावं. मालक बसून शांतपणे ऐकेल अशी वेळ पाहावी. भाव खाली आणणं हाच धंद्याचा धर्म आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. लोक चार दिवस हसतात. माझा पूर्ण पाठिंबा आहे.'

पाठवताना प्रिन्सिपॉल साहेबांनी फोन उचलला आणि तार तुटली. पुन्हा लावून पाठवलं. असा संदेश अर्ध्यात राहून चालणार नव्हतं.

२० डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून काढलं पाहिजे, नाहीतर उद्या मी त्यात मीठमसाला घालीन.

जेवणानंतरचा तास. वर्ग यंत्राभोवती जमलेला. दारात नागोराव उभे, त्यांच्या मागे चौकटीला टेकून एक तरुण. हा चंपत, मनकर्णाचा थोरला भाऊ. नागोरावांनी टोपी काढून हातात धरली होती. मला वाटलं टीसीसाठी आले. मी म्हणणार होतो की संक्रांत अजून दूर आहे.

ते म्हणाले, "साहेब, माझी काय चुकी झाली ते सांगा. माझ्यावर केस काऊन टाकली?"

मी विचारलं, कसली केस?

"भाजीच्या गाळ्याची. पोट्टीनंच सांगतलं घरी. सरनं गाळ्याची केस केली अन् नांदेडले पाठवली. आता मी आंध्रातला मानूस. नांदेडच्या कोर्टात माझी केस चालतेच कशी? अन् चालत असंल त दर तारखेले बाजार सोडून मी तिकडं जाऊ कसा?"

महिपत फिसकन हसला. बाकी कोणी हसलं नाही. नागोरावांनी कोर्टाचा धसका घेतला होता आणि तरीही माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता.

त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. समजावून सांगितलं की ही कोर्टातली केस नाही, शिकवण्याची पद्धत आहे. गाळा मनाने रचलेला, मालकाचं नाव नाही. नागोराव म्हणाले, नाव नसलं तरी पिंपळाजवळचा गाळा आपलाच आहे, मळा आपला आहे आणि गिऱ्हाईक आपलंच तुटलं आहे. बाजारात पोरं बोलू लागली आहेत.

पिंपळाजवळचा गाळा यांचा! मला मावल्याचा मळा ठाऊक होता, गाळा ठाऊक नव्हता. आशाचं वाक्य आठवलं, 'पहिले ती पोट्टी बसे.' पण अजूनही माझ्या डोक्यात पुरता उजेड पडला नव्हता, हे इथे लिहून ठेवतो.

नागोराव म्हणाले, काय लिहिलं ते वाचून दाखवा. लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट मला वाटलं, यांना कारल्याचं उत्तर ऐकवावं, यांचा फायदाच होईल. पडदा उघडला आणि ठणठणीत आवाजात वाचलं: गिऱ्हाईक भावामुळे तुटलं. भाव लहानपणापासून चढवून ठेवला आहे. मालक गाळा बुडू देईल पण भाव खाली आणणार नाही. मग माझं उत्तरही वाचलं, भाव खाली आणणं हाच धंद्याचा धर्म आहे.

नागोरावांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते म्हणाले, "मंग हे माझं नव्हंच, साहेब. माझा भाव पुऱ्या बाजारात सगळ्यायहून कमी. घरच्या बाईसाहेबाले इचारा." चंपतही चौकटीला टेकून हसला. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं, कारण खरंच, आशाने कधी महाग म्हटलं नव्हतं. माझी केस पायापासून चुकली की काय?

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मनकर्णा उभी राहिली. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला. तो मोठा नव्हता, पण गाळ्यावर बसणाऱ्या माणसाचा होता, शेवटपर्यंत पोचणारा.

"सर, तो भाव नाही. भाऊ आहे."

पडद्यावर पाहिलं. बी-एच-ए-यू. तसंच होतं, पहिल्या दिवसापासून. महिपतपासून सगळे भावही असाच टाइप करतात आणि मी किमतीचा माणूस, मला किंमतच दिसली. आणि प्रत्यय लागला की आपल्या भाषेत दोन्ही एकच होतात: भावामुळे, भावाला, भावाने. मी मनातल्या मनात सगळं परत वाचलं. भाऊ लहानपणापासून चढवून ठेवला आहे. आमच्या घरी पण असाच एक भाऊ आहे. माझे कान तापले.

नागोरावांना कळायला माझ्याइतका वेळ लागला नाही. ते मुलीकडे पाहत राहिले. म्हणजे दिवाळीपासून हे सगळं तिच्या मनात होतं, आणि परवा घरी तिने जे सांगायला सुरुवात केली, ते 'केस' या पहिल्या शब्दालाच अडकून बोंबललं होतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अन् साहेब, तुमी काय लेहलं? भाऊ खाली आना मनून?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मनकर्णाही. तिला वाटत होतं तिच्या सरांनी सगळं समजून तो पाठिंबा दिला. त्या जोरावर ती घरी बोलली.

मी म्हटलं, "नाही. मी भाव समजून लिहिलं." मनकर्णाची मान खाली गेली. त्या मानेकडे पाहूनच पुढचं सुचलं. "पण आता भाऊ समजून वाचलं. तरी माझं उत्तर बदलत नाही."

मग चौकटीकडून आवाज आला. चंपत पंख्याकडे पाहत बोलत होता.

"मले कोनी इचारलं का, मले थ्या गाळ्यावर बसाचं हाय का? बायका येतात, एक एक वांगं दाबून पाहतात, मले त बोलताच येत नाही त्यायच्याशी. मी मनत होतो टेम्पो चालवतो. बापूनं मनलं, लोकं काय मनतील, पोरगी गाळ्यावर अन् पोरगा डायव्हर."

हे कारल्याच्या उत्तरात नव्हतं. नांदेडच्या एकाही झाडाला सुचलं नव्हतं. माझ्या केसमध्ये तर भाऊच नव्हता. महिपत हळूच म्हणाला, "सर, केस अर्धीच होती."

नागोराव उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मुलीला म्हणाले, "चाल, मनकर्णे, घरी." ती पिशवी घेऊन निघाली. दारात नागोराव थांबले आणि मला विचारलं की नांदेडला हे सगळं गेलं आहे का. मी हो म्हटलं. "मंग त्यायलेबी सांगा, भाव माझा कमीच हाय."

टीसीचं काही बोलले नाहीत. दिलासा मानावा की भीती बाळगावी, कळत नाही.

२१ डिसेंबर, मंगळवार

मनकर्णा आली नाही.

आशाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, मी त्या दिवशी सांगतच होते की आता तो भाऊ बसतो म्हणून, तुम्ही उठून कागद घ्यायला गेलात.

२४ डिसेंबर, शुक्रवार

मनकर्णा आजही नाही. तिचा बाक रिकामा बघून शिकवणं जड जातं. मावल्याला जावं असं दोनदा वाटलं. पण मास्तर घरी आला तर नागोरावांना वाटेल दुसरी केस टाकली.

नांदेडला खरं ते लिहिलं. माणिकरावांचं उत्तर आलं: 'आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून भाऊच वाचत होतो. आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम भाव म्हणून सांभाळून बोलताय. काय नाजूक हात आहे सरांचा, असं मी माझ्या मुलांना सांगितलं.'

३ जानेवारी २०००, सोमवार

जगातली सगळी यंत्रं एक तारखेला बंद पडणार असं सगळीकडे चाललं होतं. आमचं पडलं नाही. शिट्टी, खरखर, वाळू, सगळं जिथल्या तिथे. प्रिन्सिपॉल साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं आणि तेलुगूत कौतुकाचं काहीतरी म्हणाले.

आणि मनकर्णा आली. उशिरा. पहिला तास निम्मा झाल्यावर, धापा टाकत. ओढणीला मेथीची पानं. मी तिला रागावणार होतो, इतक्या वर्षांची सवय. मग त्या पानांकडे पाहिलं आणि हाताने बस म्हणून खूण केली. इतका आनंद मला कोणाच्या उशिरा येण्याचा झाला नसेल.

संध्याकाळी आशाच्या पिशवीत न मागता टाकलेला कढीपत्ता होता. आशा म्हणाली, दोडका घेऊ दिला नाही तिने.

११ जानेवारी, मंगळवार

नागोराव आले. मी उठून उभाच राहिलो. टीसीचं विचारतील असं वाटलं. त्यांनी पिशवीतून हिरव्या मिरच्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले की मुलीची परीक्षा होऊ द्या. नेरडीगोंड्याच्या पाहुण्यांना त्यांनी उन्हाळ्यात पाहू म्हणून कळवलं आहे. पाहुणे थोडे नाराज आहेत. चंपत एकाच्या टेम्पोवर जायला लागला आहे, मळ्यातला मालही तोच आणतो. भावकीत हसतात का, असं मी विचारलं नाही. तेच म्हणाले, हसतात.

उन्हाळ्यात काय होईल सांगता येत नाही. पण केस तिथेच थांबते जिथे पुढचं कोणालाच माहीत नसतं, हे मी मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

१८ जानेवारी, मंगळवार

संक्रांत झाली. मुलं डबे घेऊन आली, यंत्राभोवती तिळगूळ वाटला गेला. नवी केस नांदेडहून येणार आहे, शिलाईच्या दुकानाची. महिपतने ती यायच्या आधीच उत्तर तयार ठेवलं आहे.

नांदेडच्या चिंचेने विचारलं होतं, कारल्याच्या गाळ्याचं पुढे काय झालं. मी मनकर्णाला खुर्चीत बसवलं. आता तिने नाव लपवायचं कारण नव्हतं, तरी तिने कारलंच राहू दिलं. एका बोटाने टाइप केलं: 'गाळा सुरू आहे. जुनी गिऱ्हाइकं परत येऊन राह्यली.' त्याखाली: 'आजचा बी-एच-ए-यू चांगला आहे.'

मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रिन्सिपॉल साहेब जेवायला गेले होते, तार शाबूत होती. पत्र गेलं आणि माणिकराव तिकडे बसलेलेच असावेत, त्यांचा प्रश्न लगेच उलट आला: भाव की भाऊ?

मनकर्णाने माझ्याकडे न पाहता उत्तर लिहिलं.

'दोन्ही.'